दम लागतो त्यांच्यासाठी: खुर्चीवरून सुरू होणारा सावकाश व्यायाम

दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिलं की मांड्या गळतात, आणि गळलेल्या मांड्यांना अंगणापर्यंत जायलाही जास्त प्राणवायू लागतो, म्हणून दम आणखी लवकर लागतो. आजार फुफ्फुसाचा असतो, पण माणसाला खाटेला बांधून ठेवण्याचं बरंचसं काम हे बसून राहणंच करतं.

मी अमळनेरला फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी बोरी नदीच्या अलीकडे एका मंदिराच्या सभामंडपात आमचा गट जमतो. कापसाच्या जिनिंगमध्ये उमेदीची वर्षं रेच्यापुढे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापुढे, घालवलेले आप्पा, लहानपणापासून चुलीपुढे बसलेल्या मावश्या, विडी सोडलेले आबा, विडी अजून सुटत नाही म्हणून मान खाली घालून येणारे नाना, आणि टीबी बरा होऊनही ज्यांची छाती पहिल्यासारखी राहिली नाही असे दोघं-तिघं तरुण. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण तेच विचारतो, "ताई, माले दोन पावलं चाललं तरी दम लागस, मी काय व्यायाम करसू?" त्या सगळ्यांना जे शिकवते ते इथे लिहिते आहे. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार), टीबीनंतरची अशक्त फुफ्फुसं, जुना दमा, या सगळ्यांना यातलं बहुतेक चालतं. कुठे चालत नाही ते त्या त्या ठिकाणी सांगते.

हा व्यायाम म्हणजे तीन गोष्टी एकत्र: अगदी सावकाश हालचाल, तिच्याबरोबर चालणारा श्वास, आणि त्या दोन्हींवर ठेवलेलं लक्ष. चीनमध्ये ताय-ची आणि ची-गाँग हे याच जातीचे प्रकार आहेत, आपल्याकडे योग आहे. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने सीओपीडीतल्या ताय-चीवरच्या १२ अभ्यासांचा, मिळून ९८४ रुग्णांचा, आढावा घेतला. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ताय-ची करणारे सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत सरासरी ३० मीटरच्या आसपास जास्त चालले. दम किती कमी झाला याबद्दल मात्र त्या आढाव्यात ठाम उत्तर निघालं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये सीओपीडीच्या ६० रुग्णांवर १२ आठवडे योग आणि रुग्णालयातला फुफ्फुसांचा पुनर्वसन व्यायाम यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच फायदा दिसला. मी हे आकडे गटातल्या लोकांनाही सांगते, कारण त्यांना खोटी आशा नको असते. गेलेलं फुफ्फुस व्यायामाने परत येत नाही. पण ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना मध्ये दोनदा थांबावं लागतं, त्याला ३० मीटर म्हणजे एक थांबा कमी.

अडकते ती हवा

सीओपीडीत हवा आत जात नाही असं वाटतं. खरी अडचण ती बाहेर पडण्याची असते. श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, त्यात चिकट कफ असतो, आणि फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांची लवचिकता गेलेली असते. श्वास सोडताना नळ्या वेळेआधी मिटतात आणि जुनी हवा आतच राहते. अमळनेर स्टँडवर धुळ्याची गाडी लागते, आतले उतरायच्या आधी बाहेरचे चढायला धावतात आणि दारातच सगळे अडतात, तसं हे होतं. घाबरून भराभर श्वास घेतला की दारातली गर्दी वाढते. छाती फुगून राहते, तिच्याखालचा श्वासाचा पडदा सपाट होतो, आणि सपाट पडद्याला खाली सरकायला जागाच उरत नाही.

म्हणून पुढे जे जे सांगणार आहे त्यात एक नियम सगळीकडे आहे: जोर लागेल त्या क्षणी श्वास सोडायचा, आणि घ्यायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्यायचा. "खोल श्वास घ्या" हे वाक्य मी माझ्या गटात वापरत नाही. ज्याची छाती आधीच हवेने भरलेली आहे त्याला आणखी खोल घ्यायला सांगून काय साधणार? सोडा म्हणते. सोडलं की घेणं आपोआप होतं.

सुरुवात करण्याआधी

डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि विचारताना नेमकं विचारा: माझं हृदय व्यायामाला चालेल का, चालताना माझा ऑक्सिजन किती खाली येतो, आणि फुफ्फुसात हवेचे मोठे फुगे आहेत का? छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन असेल तर सोबत न्या. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, बीपी ताब्यात नसेल, किंवा बसल्या जागीच धाप लागत असेल, तर आधी उपचार, मग व्यायाम. नुसत्या खोकल्यावर औषधं घेत वर्षं काढली असतील आणि श्वासाची फुंकून करायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झालीच नसेल, तर ती करून घ्या. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. टीबी नाही हे कळल्याशिवाय मी कोणाला गटात दहा माणसांशेजारी बसवत नाही.

डॉक्टरांनी लगेच आराम देणारा पंप लिहून दिला असेल तर तो व्यायामाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या. इथे जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे पंपाची फार भीती आहे. "पंप लागला म्हणजे संपलं," असं शेजारचे म्हणतात आणि माणूस पंप उशीखाली ठेवून देतो. पंपाचं व्यसन लागत नाही. साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे कितीतरी पट कमी, आणि तेही जिथे हवं तिथेच पोहोचतं. दाबायचा पंप असेल तर श्वास सावकाश आत घ्यायचा, शक्यतो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र असेल तर जोराने आणि झटकन ओढायचं. बरेच जण दोन्ही एकाच पद्धतीने घेतात आणि औषध घशातच राहतं. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

पोट भरलेलं नको. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या, पण अगदी उपाशीही नको. चाकं नसलेली, हलत नाही अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. लुगड्याची किंवा धोतराची गाठ, पट्टा, सगळं सैल. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर उत्तम. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, म्हणून आधी हात चोळून घ्या. व्यायामात आकडा ८८ च्या खाली गेला की थांबायचं आणि वर येईपर्यंत बसून राहायचं. यंत्र नसेल तर बोलून पाहा: एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर जास्त झालं. शून्य म्हणजे दम नाही आणि दहा म्हणजे जीव जाईल इतका दम, असं धरलं तर आपल्याला तीन-चारच्या आसपास राहायचं आहे. थोडा दम लागणारच, लागलाच पाहिजे. त्याशिवाय स्नायू शिकत नाहीत.

फुंकर

सगळ्यात आधी हेच, आणि पहिला आठवडा फक्त हेच केलं तरी चालेल.

पाठ खुर्चीला टेकवा. हात मांडीवर. आधी तळपाय जमिनीला कुठे कुठे टेकले आहेत ते नुसतं जाणवून घ्या: टाच, अंगठ्याखालची गादी, करंगळीची बाजू. मग खांद्यांकडे लक्ष द्या. दमेकऱ्याचे खांदे कानाकडे चढलेले असतात आणि त्याला ते माहीतही नसतं. खाली सोडा. आता तोंड मिटून नाकाने श्वास घ्या, मनात एक-दोन. ओठ किंचित पुढे काढून बारीक फट ठेवा आणि सावकाश फुंकत सोडा, एक-दोन-तीन-चार. गाल फुगवायचे नाहीत, पोट आवळून जोर लावायचा नाही. ओठांच्या त्या अडथळ्यामुळे श्वासनळ्यांत आतून थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत, आणि अडकलेली हवा बाहेर येते.

जोर किती, हे शिकवायला मी वर्तमानपत्राची एक पट्टी वापरते. हाताच्या अंतरावर तोंडासमोर धरायची. फुंकरीने पट्टी वाकली पाहिजे आणि सगळा श्वास संपेपर्यंत तशीच वाकलेली राहिली पाहिजे. फडफडली तर जोर जास्त. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर आहे त्यांनी हा प्रयोग मेणबत्ती किंवा दिव्यावर कधीही करू नये. ऑक्सिजन सुरू असताना जवळ ज्योत, विडी, चूल, गॅस काहीही नको.

पाच-सहा फुंकरी, मग मिनिटभर नेहमीसारखा श्वास, पुन्हा पाच-सहा. डोकं हलकं वाटलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही जास्त करता आहात. मोजणी पाठ करायची गरज नाही. ज्याला चारपर्यंत जमत नाही त्याने तीनपर्यंत सोडावं. घेण्यापेक्षा सोडणं लांब असलं म्हणजे झालं.

पोटाने श्वास घ्यायचा प्रकार सगळीकडे शिकवतात. आजार सौम्य असेल तर बरा आहे. पण ज्यांची छाती फार फुगलेली आहे त्यांचा तो सपाट पडदा हलू शकत नाही, आणि पोट पुढे ढकलण्याच्या खटपटीत त्यांचा दम वाढतो. तसं होत असेल तर सोडून द्या. तुमचं काही चुकत नाही.

हात, खांदे, कंबर

दुसऱ्या आठवड्यापासून फुंकरीला हालचाल जोडायची. श्वास पुढे आणि हालचाल त्याच्या मागून, हालचालीसाठी श्वासाची ओढाताण करायची नाही.

श्वास घेताना दोन्ही खांदे थोडे वर उचला, फुंकताना खाली आणि मागे सोडा. चार-पाच वेळा. मग तळहात मांडीवर पालथे ठेवा, आणि श्वास घेत दोन्ही हात समोर छातीच्या उंचीपर्यंत तरंगत वर येऊ द्या. मनगटं सैल, कोपरं किंचित वाकलेली. फुंकर सुरू झाली की तळहातांनी हवा खाली दाबत हात परत मांडीवर. हात उतरायला वर जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. ताय-चीची सुरुवात जवळजवळ अशीच होते, फक्त उभं राहून. गटात ही हालचाल सगळ्यांना आवडते, आणि नीट जमली की बघताबघता सगळा मंडप शांत होतो.

हात छातीच्या वर का नेत नाही, हे समजून घ्या, म्हणजे घरातही उपयोग होईल. मान आणि छातीचे काही स्नायू दमेकऱ्याला श्वासासाठी मदत करत असतात. हात खांद्याच्या वर गेले की तेच स्नायू हात धरून ठेवण्यात गुंततात आणि श्वासाची मदत तुटते. म्हणूनच उंच दोरीवर लुगडं वाळत घालताना, वेणी घालताना, फळीवरचा डबा काढताना एवढा दम लागतो. दोरी छातीच्या उंचीवर बांधून घ्या. वेणी घालताना कोपरं टेबलावर टेकवा. व्यायामात हात खांद्याच्या वर न्यायचे ते महिना-दीड महिन्याने, एका वेळी एकच, आणि फुंकर सोडतानाच.

पुढची हालचाल कंबरेतून. हात छातीवर एकमेकांवर ठेवा, श्वास घ्या, आणि फुंकत सावकाश डावीकडे वळा. मान शेवटी वळली पाहिजे. श्वास घेत मध्यावर या, फुंकत उजवीकडे. बरगड्यांमधले स्नायू वर्षानुवर्षं आखडलेले असतात, ते याने मोकळे होतात. तीन-तीन वेळा पुरे.

उभं राहून

खुर्चीवरून उठणं हाच पहिला उभा व्यायाम, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा, कारण मांड्या परत मिळवायच्या आहेत. खुर्चीच्या पुढच्या भागावर सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या. बसल्या बसल्या श्वास घ्या. फुंकर सुरू करा आणि फुंकतच उठा. उभ्याने एक श्वास घ्या, आणि फुंकतच हळूहळू बसा, धपकन नाही. सुरुवातीला हात मांडीवर टेकवून दोन-तीन वेळा पुरे. पुढे पाच, मग आठ. श्वास रोखून उठायची आपल्याला इतकी सवय असते की पहिले काही दिवस मी प्रत्येकाशेजारी उभी राहून मोठ्याने "फुंका, फुंका" म्हणत असते.

हे पक्कं झालं की खुर्चीच्या मागे उभं राहा, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरा. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे जरासे सैल. फुंकत वजन सगळं डाव्या पायावर न्या, इतकं की उजवी टाच उचलता येईल. श्वास घेत मध्ये या. फुंकत उजवीकडे. डोळे समोर, खाली नाही. या आजारात तोल जाण्याचं प्रमाणही वाढतं, आणि ही हालचाल मांड्या आणि तोल दोन्हींवर काम करते. काही दिवसांनी एक हात सोडा. तो हात पोटासमोरून वजनाबरोबर हलके डावीकडून उजवीकडे सरकू द्या, तळहात आतल्या बाजूला. ताय-चीत दोन्ही हातांनी अशीच हालचाल करतात. आपण एक हात खुर्चीवर ठेवूनच करायची.

गुडघे जास्त वाकवायची हौस करू नका. गुडघेदुखी असेल तर नुसतं वजन बदललं तरी चालतं.

शेवटी सगळे बसतात आणि आम्ही गुणगुणतो. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठ मिटून "म्" असा सूर सोडायचा, संपेपर्यंत, पण ताणून नाही. कानात बोटं घालायची गरज नाही. चीनमधल्या ची-गाँगचा एक प्रकार असा आहे की प्रत्येक श्वास सोडताना सहांपैकी एक ध्वनी काढायचा, आणि तो सीओपीडीच्या रुग्णांवर वापरलाही जातो. आपल्याकडे त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. आमच्या मावश्या कानबाईची गाणी म्हणतात, आखाजीच्या झोक्यावरची गाणी म्हणतात. एका श्वासात एक ओळ. पहिल्या दिवशी ओळ मध्येच तुटते, काही आठवड्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत जाते, आणि आपली प्रगती त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू येते. जे पुरुष लाजतात त्यांना मी भजनातलं एखादं ध्रुपद म्हणायला सांगते.

विश्रांती मात्र पाठीवर सपाट पडून नको. उताणं झोपल्यावर पोट वर ढकललं जातं आणि दम वाढतो. खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन उशा ठेवा, त्यावर हात आणि डोकं टेकवा, पाच मिनिटं डोळे मिटा.

सगळं मिळून वीस मिनिटांपासून सुरू करा आणि दोन-तीन महिन्यांत अर्ध्या-पाऊण तासापर्यंत न्या. आठवड्यातून निदान तीन-चार दिवस. मधल्या दिवशी चाला, घरातल्या घरात का होईना.

दम लागलाच तर

दमाबरोबर भीती येते, आणि भीतीने श्वास भराभर होऊन दम आणखी वाढतो. ही साखळी तोडायचा सराव बरं वाटत असतानाच करायचा, म्हणजे गरजेच्या वेळी शरीर ते आपोआप करतं.

थांबा. जे करत होता ते तिथेच सोडा. बसून पुढे झुका, कोपरं मांड्यांवर. बसायला जागा नसेल तर भिंतीला, कट्ट्याला किंवा बैलगाडीच्या साटीला हात टेकवून झुका. हात टेकले की खांद्यांचे स्नायू श्वासाला मोकळे होतात. मग खांदे सोडा, आणि फुंकर. पहिल्या दोन-चार फुंकरी आखूड होतील, होऊ द्या, पुढे लांबतील. हातपंखा असेल तर चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर नाक-ओठांवर वारा घ्या. चेहऱ्याला लागणाऱ्या गार वाऱ्याने दमाची जाणीव खरोखर कमी होते. घरच्यांनी भोवती गर्दी करू नये, प्रश्न विचारू नयेत, पाणी पाजायची घाई करू नये. एकाने शेजारी बसून स्वतः मोठ्याने फुंकर मारत राहावं, म्हणजे त्या लयीला धरता येतं.

एवढं करून आणि पंप घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत उतार नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटत असेल, तर १०८ ला फोन करा. एका बाजूला छातीत अचानक कळ येऊन दम वाढला तर तेव्हाही वाट बघत बसायचं नाही. फुफ्फुसातला फुगा फुटून हवा बाहेर आलेली असू शकते.

कपालभाती, भस्त्रिका आणि इतर

टीव्हीवर बघून कपालभाती करणारे माझ्याकडे येतात, आणि मी हात जोडून त्यांना ती थांबवायला सांगते. जोराने, भराभर श्वास फेकताना आधीच कमकुवत असलेल्या नळ्या मिटतात, हवा जास्त अडकते, आणि फुगे असतील तर ते फुटण्याची भीती असते. भस्त्रिकाही नको. श्वास रोखून धरायचा कुंभक नको. पुढे वाकून पायाला हात लावणं, सर्वांगासन, पोटावर दाब येणारं काहीही नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, सावकाश, कोपर टेकवून करायला हरकत नाही, पण एका नाकपुडीने श्वास पुरत नसेल तर सोडून द्या. योग चांगलाच आहे. निरोगी माणसासाठी बसवलेला क्रम दमेकऱ्याला तसाच लावता येत नाही, एवढंच.

खान्देशातली हवा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा व्यायाम उजाडताच, सातच्या आत. हिवाळ्यात उलट: पहाटेची गार हवा श्वासनळ्या आवळते आणि त्यात शेकोट्यांचा धूर खाली साचलेला असतो, म्हणून ऊन वर आल्यावर, नऊच्या पुढे, नाकावर मफलर घेऊन. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या बाजूने वारा येत असेल, गव्हाची-बाजरीची मळणी सुरू असेल, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या असतील, तर त्या दिवशी दारं लावून घरातच करा.

चुलीबद्दल मी जरा आग्रहाने बोलते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरात सिलिंडर आलं, पण भाकरी चुलीवरचीच गोड लागते म्हणून कित्येक घरांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, अजून जळतातच. विडी न ओढलेल्या बायकांची फुफ्फुसं या धुराने जातात. गॅस फक्त चहापुरता ठेवू नका. भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजायची असतील तर ते काम घरातल्या धडधाकट माणसाने अंगणात करावं, आणि दमेकऱ्याने वारा जिकडून येतो त्या बाजूला बसावं. भाकरी थापताना उकिडवं बसू नका, पोट दाबलं जातं. ओट्यापुढे उंच स्टुलावर बसा. हंडा उचलताना, जात्याला हात घालताना, पायरी चढताना तीच फुंकर: जोर लागतो तिथे सोडायची.

आजारातून उठल्यावर

कफाचा रंग बदलला, कफ वाढला, ताप आला, नेहमीपेक्षा दम वाढला, पायाला सूज आली, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांकडे. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली असेल तर अशा वेळा कमी येतात.

दवाखान्यातून घरी आलं की बहुतेक जण व्यायाम कायमचा सोडून देतात. खरं तर तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण आठ-दहा दिवस खाटेवर काढल्यावर मांड्यांची ताकद झपाट्याने गेलेली असते. डॉक्टरांची परवानगी मिळाली की महिन्याच्या आत पुन्हा सुरू करा. जिथे सोडलं होतं तिथून नाही. आधी दोन-तीन दिवस नुसती फुंकर, मग खांदे आणि हात, मग दिवसातून दोनदा खुर्चीवरून दोन-तीनदा उठणं. उभ्याची हालचाल आठवड्याभराने. पहिल्या दिवशी सोबत कोणीतरी असू द्या. घरातलं माणूस शेजारी खुर्ची टाकून तोच व्यायाम करत बसलं तर आणखी चांगलं.